देवाचा दिनक्रम : लीळा, स्मरण आणि हास्य

जालना जिल्ह्यातील मंठा हे गाव मध्यबिंदू धरून कोणी मराठी संतपरंपरेचा नकाशा काढू लागला, तर एक गोष्ट त्याच्या सहज ध्यानात येईल. पश्चिमेस पैठण आहे. तेथे एकनाथांच्या घरी श्रीखंड्या नावाच्या गड्याच्या रूपाने देवाने बारा वर्षे पाणी भरले, अशी कथा आहे. आग्नेयेस गोदाकाठी गंगाखेड. तेथल्या जनाबाईबरोबर विठ्ठल दळायला बसला. पूर्वेस नामदेवांच्या नावाशी जोडलेली नरसी. पोराच्या हट्टाखातर देव खरोखरीच नैवेद्य जेवला, ही कथा त्याच नामदेवांची. आणि उत्तरेस, पूर्णा ओलांडून पुढे गेले की लोणार. तेथे तेराव्या शतकाच्या मध्यास देवगिरीचा यादव राजा कान्हरदेव आणि चक्रधर यांची भेट झाली, असे 'लीळाचरित्र' सांगते. देवाने माणसांत येऊन राहावे, त्यांच्या कामाला हात लावावा, त्यांच्या ताटातले खावे, ही या भूभागात कोणा एका कवीची कल्पना राहिलेली नाही. गावे आपली ओळख तिच्यावरून सांगतात.

तथापि या चारांपैकी लोणारचे प्रकरण इतरांहून मुळातच वेगळे आहे. पहिल्या तीन कथांत देव प्रसंगापुरता येतो किंवा वेष पालटून राहतो. चौथ्या ठिकाणी तो उघडपणे राहतच असतो, आणि भोवतालची माणसे ते राहणे टिपून ठेवतात. आधुनिक इतिहासकाराला लोणारची लीळा मोलाची वाटते, कारण तिच्यात राजाचे नाव आहे आणि त्या नावाच्या आधारे काळ ठरवता येतो. 'लीळाचरित्रा'ला मात्र तिचे असे विशेष मोल वाटत नाही. शेकडो लीळांतील ती एक लीळा आहे. तिच्या मागेपुढे कोणी काय रांधले, कोण रुसले, कोणत्या देवळात मुक्काम पडला याच्या हकिकती त्याच गांभीर्याने येतात. राजाची भेट आणि दुपारचे जेवण यांना एकाच मापाने मोजणारे हे गद्य आहे. मराठी समीक्षेने त्याच्या भाषेचा, समाजदर्शनाचा आणि तत्त्वज्ञानाचा विचार बराच केला आहे. त्यातील हसण्याचा विचार मात्र तिने जवळजवळ टाळला आहे.

देवांनी माणसांत राहण्याचा विनोद जगाच्या साहित्यात नवा नाही. रोमन कवी ओव्हिडच्या काव्यात ज्युपिटर आणि मर्क्युरी वाटसरूंच्या वेषात एका गरीब म्हाताऱ्या जोडप्याच्या झोपडीत उतरतात. तेथे देव पाहुणा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगालीत दुर्गाचरण राय यांनी 'देवगणेर मर्त्ये आगमन' लिहिले. त्यात ब्रह्मा, इंद्र, वरुण आणि नारायण आगगाडीने प्रवास करीत कलकत्त्याला येऊन पोहोचतात. तेथे देव प्रवासी आहे, आणि इंग्रजी अमदानीतले शहर हा उपहासाचा विषय आहे. अलीकडचे सर्वांत बोलके उदाहरण जपानी चित्रकथेचे. नाकामुरा हिकारू यांची 'सेंट यंग मेन' या इंग्रजी नावाने ओळखली जाणारी मालिका २००६ मध्ये कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या 'मॉर्निंग टू' या मासिकातून सुरू झाली, २००९ मध्ये तिला तेझुका ओसामू सांस्कृतिक पुरस्कार मिळाला आणि २०१३ मध्ये तिच्यावर चलत्‌चित्रपटही निघाला. येशू आणि बुद्ध स्वर्गातून सुटी घेऊन टोकिओच्या पश्चिमेकडील ताचिकावा या उपनगरात एक लहानशी खोली भाड्याने घेऊन राहतात, एवढेच तिचे कथानक. (बुद्धाला देव म्हणावे काय, हा प्रश्न त्या मालिकेला पडत नाही, भारतीय वाचकाला पडल्यावाचून राहणार नाही.) घरमालकीण, महिन्याचा खर्च, सवलतीची खरेदी, शेजारपाजार यांतच सारे घडते. बुद्ध काटकसरी आहे, येशू हौशी आहे. अंतरीचे देवत्व कधी आवरेनासे होते आणि पाण्याचे मद्य होते किंवा अंगाभोवती प्रकाश पसरतो. मग दोघांची लपवालपवी सुरू होते. येथे देव भाडेकरू आहे.

या तिन्ही ठिकाणी हास्य एका गुपितावर उभे आहे. वाचकाला देव ओळखू येतो, कथेतील माणसांना येत नाही. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त आणि १७७४ च्या 'भक्तलीलामृता'त संतांच्या ज्या कथा सांगितल्या, त्यांतल्याही अनेकींची कळ हीच आहे. श्रीखंड्या कोण होता हे तो नाहीसा झाल्यावर कळते. कऱ्हाडची सखू पंढरीला गेली असता तिच्या जागी सून होऊन राबणारा कोण, हे सासूला फार उशिरा उमगते; प्रभातच्या १९४१ मधील 'संत सखू' या चित्रपटाने या उशिराचाच उपयोग करून घेतला. ओळख पटण्याचा क्षण हा अशा कथांचा कळस असतो. तो क्षण आला की देव जातो, गोष्ट संपते, आणि ज्याच्या घरी तो राबला त्याच्या डोळ्यांत पाणी येते. मराठी कीर्तनाने या पाण्यावर काही शतके काढली आहेत.

'लीळाचरित्रा'त हा कळस संभवतच नाही. येथे देव लपलेला नाही. बाइसा, भटोबास, महदाइसा यांना आपण कोणाच्या सान्निध्यात आहोत हे पहिल्यापासून ठाऊक आहे, निदान त्यांनी तसे मानलेले आहे. गुपित नाही, म्हणून उत्कंठा नाही. उत्कंठा नाही, म्हणून कथानकही नाही. उरतो तो दिवस. सकाळी उठणे, फिरायला जाणे, देवळाच्या ओसरीवर बसणे, कोणी आणलेले खाद्य वाटून खाणे, प्रश्न विचारणे, उत्तर मिळणे, कोणी कोणावर रागावणे. ज्या रूपबंधाला आज दैनंदिन जीवनाची कथा म्हटले जाईल, तो मराठी गद्याच्या आरंभीच, आणि तोही देवाच्या बाबतीत, सिद्ध झालेला आहे. मराठीत लिहिल्या गेलेल्या पहिल्या मोठ्या गद्यग्रंथाचा विषय देवाची फुरसत हा असावा, ही साधी गोष्ट नव्हे.

असे का झाले, याचे उत्तर पंथाच्या विचारात सापडते. महानुभाव मतानुसार परमेश्वर जीवांच्या उद्धारासाठी मनुष्यदेह धारण करतो. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर हे पंचकृष्ण. अवतार गेल्यावर मागे राहिलेल्या साधकाला साधन उरते ते स्मरणाचे : त्याचे नाम, त्याचे रूप, त्याच्या लीळा, त्याची चेष्टा. चेष्टा म्हणजे हालचाल, कृती. थट्टा हा त्या शब्दाचा आजचा अर्थ पुढचा आहे, जरी येथे तो अगदीच अस्थानी वाटत नाही. परमेश्वराची कोणतीही हालचाल निरर्थक असू शकत नाही, म्हणून कोणतीही गाळता येत नाही. निवडीचा अधिकारच लेखकाकडून काढून घेतला, की वास्तववाद अपरिहार्य होतो. युरोपीय कादंबरीने क्षुल्लकाला प्रतिष्ठा दिली ती मध्यमवर्गाच्या उदयातून, असे साहित्येतिहास सांगतात. येथे क्षुल्लकाला प्रतिष्ठा मिळाली ती एका कठोर धर्मसिद्धान्तातून.

हा सिद्धान्त किती दूरवर नेला गेला, हे पाहावयाचे असल्यास 'स्थानपोथी' पाहावी. चौदाव्या शतकातील हा ग्रंथ चक्रधरांच्या आणि गोविंदप्रभूंच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या जागांची गावोगावची नोंद आहे. मुक्कामाची जागा, बसण्याची जागा, जेवणाची जागा यांबरोबर परिश्रयाची, म्हणजे देहधर्माची, जागाही तेथे त्याच भक्तिभावाने सांगितली जाते. देवळाचे तोंड कोणीकडे, तेथून ती जागा कोणत्या दिशेला, किती अंतरावर, याचा तपशील येतो. यादवकालीन मंदिरांच्या रचनेचे अभ्यासक आजही तो वापरतात. जालना जिल्ह्याच्या उत्तर टोकाला भोकरदन तालुक्यातील जाळीचा देव हे स्थान आज यात्रेने गजबजते. चक्रधर तेथे वाघिणीच्या पिलांशी खेळले, ही आठवण परंपरा त्या जागेला जोडते. खेळले, एवढीच ती आठवण. वाघीण शरण आली, तिला मोक्ष मिळाला असा पुढचा धडा तिच्यासाठी आवश्यक नाही.

चक्रधरांच्या भोवतालचे हास्य बहुतांशी संभाषणाचे आहे. आपल्या एकाकी भ्रमणाच्या हकिकती त्यांनी स्वतः शिष्यांना सांगितल्या आणि त्या 'एकांका'त आल्या. म्हणजे देव स्वतःचेच पूर्वचरित्र गप्पांच्या ओघात सांगतो आहे. त्या चरित्रात तरी काय आहे? भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव, त्याला जडलेला द्यूताचा नाद, झालेली हार, आणि देणे फेडण्यासाठी दागिने मागितले असता पत्नी कमळाइसेने दिलेला नकार. घर सोडण्यामागे हा प्रसंग आहे. वैराग्याच्या रूढ कथांत म्हातारा, रोगी आणि प्रेत दिसावे लागते. येथे एक चिडलेली बायको आणि जुगाराचे कर्ज पुरते. सांगणाऱ्याने हे लपवले नाही, ऐकणाऱ्यांनी सारवले नाही आणि लिहिणाऱ्याने गाळले नाही.

पुढच्या भागांत शिष्यांचा मेळा येतो, आणि त्याबरोबर एका कुटुंबाचे सारे रुसवेफुगवे. बाइसा देवाच्या जेवणाखाण्याची काळजी वाहणारी. तिचा अधिकार आणि तिचा मत्सर या दोन्हींची जाणीव सर्वांना आहे. महदाइसा सतत प्रश्न विचारणारी. ही म्हातारी नेहमी काही ना काही विचारीतच असते, असे स्वामींनी तिच्याबद्दल कौतुकाने म्हटल्याची नोंद आहे. त्या कौतुकातली किंचित दमणूकही लिहिणाऱ्याने टिपलेली दिसते. तत्त्वज्ञान अशा वेळी बाहेर पडते. विटाळाविषयीचे चक्रधरांचे सुप्रसिद्ध विवेचन, शरीराच्या इतर स्रावांसारखाच हाही एक स्राव, हे एखाद्या सभेतले प्रवचन नव्हे. बायकांच्या रोजच्या अडचणीतून ते निघाले आहे. 'सूत्रपाठा'त केसोबासांनी वचने वेगळी काढून रचली, आणि ती वेगळी काढताच त्यांच्या भोवतीचा दिवस गळून गेला. सूत्रे गंभीर आहेत. ज्या लीळांतून ती निघाली त्या तशा नेहमीच नाहीत.

या हास्याचे खरे केंद्र मात्र चक्रधर नाहीत, त्यांचे गुरू आहेत. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे राहणारे गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राउळ यांचे चरित्रही म्हाइंभटांनीच लिहिले, परंपरागत कालगणनेनुसार १२८८ च्या सुमारास. लहानपणीच आईबाप गेलेले, मामा-मावशीने वाढवलेले, मठात बोपोपाध्यायांकडे शिकलेले हे ब्राह्मणपुत्र पुढे गावात वेडे म्हणून वावरले. तीनशेहून अधिक लहान लहान प्रसंगांच्या या ग्रंथात ते पोरांच्या खेळात शिरतात, देवळातल्या मूर्तींशी बोलतात, कोणाच्याही घरात घुसून मडक्यातले खातात, हसता हसता रागावतात. स्वतःच्याच बोलण्याला 'म्हणे' अशी जोड देण्याची त्यांची लकब आहे, जणू आतला कोणी दुसराच बोलतो आहे आणि हे केवळ त्याचा निरोप्या आहेत. 'मेला' हा शब्द ते शिवी म्हणून वापरतात की लाडाने, हे ऐकणाऱ्याला अखेरपर्यंत ठरवता येत नाही. चक्रधरांना त्यांच्याकडून जो अनुग्रह झाला त्याची कथाही या स्वभावाला साजेशीच आहे. रामटेकच्या वाटेवर हरिपाळदेव रिद्धपूरला थांबले; राउळ काही खात होते, हातातले शेंगुळे त्यांनी पुढे टाकले, आणि ते प्रसाद म्हणून घेताच शक्तीचा स्वीकार झाला. ज्ञानपरंपरेचे हस्तांतर होण्यासाठी मंत्र लागला नाही, मांडी घालून बसावेही लागले नाही. मराठवाड्यात आणि वऱ्हाडात आजही घरोघर होणारा एक खाद्यपदार्थ पुरला.

येथे एक मोह टाळावयास हवा. राउळांच्या वेडाकडे अवधूतवृत्तीचे लक्षण म्हणून पाहिले, की सर्व प्रश्न सुटल्यासारखे वाटतात. भारतीय परंपरेत बालोन्मत्तपिशाचवत् वागणाऱ्या सिद्धांची कोटी आहेच. राउळांना त्या कोटीत बसवले की हास्य सिद्धांताच्या हवाली करता येते. परंतु म्हाइंभट तसे करीत नाहीत. एखादा प्रसंग सांगून झाल्यावर त्याचा गूढार्थ उलगडण्याचा मोह त्यांना क्वचितच होतो. राउळांनी काय केले, समोरच्या बाईने काय म्हटले, मग राउळ कोठे गेले, इतके सांगून ते थांबतात. भाष्य नसणे हाच त्यांच्या गद्याचा स्थायी भाव आहे. वाचकाने हसावे की हात जोडावेत, हे ते सांगत नाहीत. बहुधा त्यांना स्वतःलाही या दोन क्रिया वेगळ्या वाटत नसाव्यात.

शिवाय या वेडाला एक सामाजिक बाजू आहे आणि ती अवधूताच्या कोटीत मावत नाही. राउळ मांगामहारांच्या घरी जातात आणि तेथून सरळ ब्राह्मणांच्या घरांत शिरतात. गावाचा सोवळेपणा या एका माणसाच्या पायांनी विस्कटतो. त्यावर तक्रारी होतात, खल होतो. पण वेड्याला शासन करावे कसे? शहाण्याने हेच केले असते तर त्याला बहिष्कार पडला असता. निराधार बाईचे बाळंतपण ते करतात. पुरुषाने, त्यातही ब्राह्मणाने, सुईणीचे काम करावे ही घटना तेराव्या शतकातील कोणत्याही धर्मनिबंधात बसणारी नाही. मातंगांनी आपली पाण्याची विनवणी त्यांच्यापुढेच मांडली, गावच्या पंचांपुढे नव्हे, आणि त्यांच्या विहिरीचे श्रेय चरित्र राउळांना देते. ज्याला मर्यादा कळत नाहीत असे सर्वांनी मान्य केले आहे, त्याच्याकडेच मर्यादेबाहेरची मागणी नेता येते. राउळच आपली आई आणि राउळच आपला बाप, असे रिद्धपूरच्या लोकांनी म्हटल्याचे चरित्र सांगते. त्या वाक्यामागे आध्यात्मिक भावना असेलच; पण ज्यांना गावात दुसरे कोणी आईबाप नव्हते त्यांचा व्यवहारही आहे. येथे देव पाहुणा नाही, प्रवासी नाही, भाडेकरूही नाही. तो गावातला माणूस आहे, आणि गावाला त्याचे काय करावे हे समजत नाही.

याच वेडातून मराठी कवितेच्या इतिहासातील एक महत्त्वाची घटना घडली. राउळांच्या मनात विवाह करावयाचे आले. वय उतरणीला लागलेले, विरक्त, वेडे. पण त्यांची इच्छा ती परमेश्वराची प्रवृत्ती, म्हणून भक्तमंडळींनी लग्नाची तयारी मांडली. लग्न म्हटले की गाणी हवीत. महदाइसेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर धवळे रचून गायिले. मराठीतील पहिल्या ज्ञात कवयित्रीची रचना म्हणून अभ्यासक्रमांत जी शिकवली जाते, तिचा पूर्वार्ध असा एका वृद्ध देवाच्या लग्नाच्या हट्टातून, मांडवातल्या गडबडीत जन्मला. साहित्येतिहासांत हा प्रसंग दोन ओळींत उरकला जातो आणि लगेच धवळ्यांच्या छंदाची चर्चा सुरू होते. वस्तुतः येथे तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत : एक खेळ, तो खेळ आहे हे ठाऊक असूनही त्यात मनापासून सहभागी झालेले लोक, आणि त्या सहभागातून निर्माण झालेली कविता. महदाइसा विनोद म्हणून गात नव्हती, आणि समोर काय चालले आहे हे तिला दिसत नव्हते असेही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या धरणारी वाचनपद्धती मराठी समीक्षेला अद्याप घडवावयाची आहे.

आता या हलक्याफुलक्या दिवसांच्या कडेला काय उभे होते, ते सांगितले पाहिजे. रामदेवराव यादवाच्या कारकिर्दीत हेमाद्रीसारखा धर्मनिबंधकार करणाधिप होता. 'चतुर्वर्गचिंतामणी' या त्याच्या प्रचंड ग्रंथाने व्रते, दाने आणि श्राद्धे यांचे जंगल उभे केले. महानुभाव परंपरेनुसार चक्रधरांच्या छळामागे या वर्तुळाचा हात होता. १२७२ की १२७४ याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. स्वामींचा शेवट कसा झाला याविषयीही आहेत. पंथ त्याला उत्तरापंथे गमन म्हणतो. कसेही असले तरी मागे राहिलेल्यांसाठी ती ताटातूट होती. भटोबास आणि इतर मंडळी स्वामींच्या आज्ञेनुसार रिद्धपूरला राउळांच्या सेवेत आली. भटोबास लीळांचे स्मरण करीत एकान्तात बसत, हे पाहून म्हाइंभटांनी विचारले आणि त्यातून लेखनाची कल्पना निघाली, असे परंपरा सांगते. रिद्धपूरच्या वाजेश्वरी या स्थानी हे काम झाले. 'लीळाचरित्रा'चा १२७८ हा परंपरागत काळ मान्य केला, तर चित्र असे दिसते की, एक देव गेल्याच्या दुःखात त्याचे दिवस लिहून काढले जात असताना दुसरा देव त्याच गावात पोरांशी भांडत होता.

'लीळाचरित्रा'तील हास्य या पार्श्वभूमीवर वाचले की त्याचा पोत बदलतो. ते प्रसंग घडत असतानाचे हास्य नाही. ते प्रसंग आठवतानाचे हास्य आहे. घरातले माणूस गेल्यावर तेराव्यापर्यंत त्याच्या सवयींच्या गोष्टी निघतात. तो कसा बोले, काय आवडीने खाई, कोणावर कसा चिडे, आणि रडता रडता कोणीतरी हसते. म्हाइंभटांचे गद्य या प्रहरातले आहे. जपानी चित्रकथेतील येशू आणि बुद्ध सुटीवर आहेत. त्यांचा क्रूस आणि त्यांचे निर्वाण मागे पडले आहे, त्यांना वेळच वेळ आहे. लीळांतील देवाचा वेळ संपलेला आहे, आणि लिहिणाऱ्याला ते ठाऊक आहे. म्हणूनच त्याला खाद्यपदार्थाचे नाव नेमके हवे असते, गावाचे नाव नेमके हवे असते. विसरलो तर देवच कमी होईल, ही भीती या वास्तववादामागे आहे.

पुढचा इतिहास या ग्रंथाला हसण्याची फारशी मुभा देत नाही. उत्तरेकडील स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली; हिराइसेला ग्रंथ मुखोद्गत होता, तिच्या स्मरणावरून आणि इतरांच्या शोधांवरून संहिता पुन्हा उभी केली गेली. नंतर सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत हे वाङ्मय पंथापुरते बंदिस्त झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत वि. का. राजवाडे, वि. ल. भावे, यशवंत खुशाल देशपांडे यांच्या प्रयत्नांनी ते अभ्यासकांपुढे आले. ह. ना. नेने यांनी तिसाव्या दशकात नागपुराहून 'लीळाचरित्रा'चे भाग प्रसिद्ध केले, वि. भि. कोलते यांनी १९४४ मध्ये गोविंदप्रभूंचे चरित्र आणि १९७८ मध्ये राज्य साहित्य संस्कृती मंडळातर्फे 'लीळाचरित्र' संपादून दिले. अ‍ॅन फेल्डहाउस यांचा गोविंदप्रभुचरित्राचा इंग्रजी अनुवाद १९८४ मध्ये, एलिनॉर झेलियट यांच्या निबंधासह, प्रसिद्ध झाला.

कोलत्यांच्या १९७८ च्या संपादनावर पंथातील काहींनी तीव्र आक्षेप घेतले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. काही लीळांमुळे परमेश्वराच्या अवताराचा अधिक्षेप होतो, अशी तक्रार होती. या वादाकडे संशोधक विरुद्ध श्रद्धाळू अशा सोप्या विभागणीतून पाहण्याची सवय आहे. ती सवय दोन्ही पक्षांवर अन्याय करते. श्रद्धाळूंची अडचण खरी होती : जे स्मरण पंथाच्या आत, गुरुमुखातून, विशिष्ट अधिकाऱ्यापुढे व्हावयाचे, ते छापील पुस्तकात कोणाही वाचकासमोर उघडे पडले, घरातल्या माणसाची गोष्ट घरात सांगणे आणि चव्हाट्यावर सांगणे यांत फरक असतो. उलट संशोधकाची भूमिकाही ग्रंथाशी प्रामाणिक होती, कारण म्हाइंभटांनी स्वतःच निवड नाकारली होती. संस्कृत पुराणांचा देव अधिक्षेपाने कमी होत नाही, तो शत्रूच्या शिव्यांनीही वाढतो. घरगुती देव मात्र नाजूक असतो. त्याच्याशी जवळीक असते, म्हणून त्याची लाजही राखावी लागते. ज्या काळात गावागावांत देवळांचे सोहळे ध्वनिक्षेपकावरून होऊ लागले, त्याच काळात देवाच्या चेष्टा सांगणाऱ्या ग्रंथाला न्यायालयात उभे राहावे लागले, हा केवळ योगायोग मानता येणार नाही. देव जसजसा सार्वजनिक होतो तसतशी त्याची फुरसत संपते.

महिपतींनी अठराव्या शतकात संतकथा ओवीबद्ध केल्या तेव्हा त्यांच्यापुढे कीर्तनाचा मांडव होता. श्रोत्यांना हसवावे, रडवावे, आणि शेवटी जयघोषापर्यंत न्यावे, ही त्यांची गरज होती, आणि त्यांनी ती असामान्य कौशल्याने भागवली. दळणारा, पाणी भरणारा, गोवऱ्या वेचणारा विठ्ठल मराठी मनात जो पक्का बसला तो त्यांच्यामुळे. पण त्या देवाच्या श्रमाला अखेर चमत्काराची पावती मिळते. जनाबाईचे दळण दळून विठ्ठल निघून जातो आणि जनाबाई दासीच राहते, हा विचार ओवीच्या लयीत मागे पडतो. राउळांच्या चरित्रात अशी पावती फाडलेली नाही. बाळंतपण झाले, विहिरीला पाणी लागले, पुढची लीळा सुरू झाली.

२०२४ मध्ये रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठाची स्थापना झाली. ज्या गावात राउळ पोरांबरोबर हुंदडले तेथे आता पदव्या दिल्या जातील. 'लीळाचरित्र' अभ्यासक्रमात असेल, आणि त्यावर प्रश्न विचारले जातील. प्रश्नपत्रिकेत हास्याला जागा मिळते की नाही, ते पाहावयाचे.

पाठचिकित्सेच्या दृष्टीने 'लीळाचरित्रा'तील एक जागा मात्र आजही पुरेशी वाचली गेलेली नाही. हिराइसेच्या स्मरणातून, रामेश्वरबास आणि परशरामबास यांच्या शोधांतून जी संहिता उभी राहिली, तिच्यात जागोजागी 'वासना' म्हणून पाठभेद नोंदलेले आहेत. एकाने सांगितलेला क्रम दुसऱ्याला मान्य नाही. एकाने जे गाव सांगितले त्याऐवजी दुसऱ्याला वेगळे आठवते. संकलनकर्त्यांनी त्यांच्यात निवाडा केला नाही. दोन्ही आठवणी एकाखाली एक लिहून ठेवल्या, आणि पुढची लीळा सांगायला घेतली.